आवाज मोठा हवा, पण फाटायला नको

माझा पहिला गिटार ॲम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारी पेटी, १५ वॅटचा होता. तो ट्यूबचा होता, म्हणजे आत काचेच्या नळ्या असलेला. घरी दार लावून वाजवताना त्याचं बटण २ च्या पुढे नेलं की शेजारच्या खोलीतून हाक यायची. इतका मोठा आवाज बँडला सहज पुरेल असं मी धरून चाललो होतो. मग तासावर भाड्याने मिळणाऱ्या जॅम रूममध्ये पहिली प्रॅक्टिस झाली. गाण्याची सुरुवात गिटारवर सुटे सूर छेडून करायची होती, एकेक तार स्वच्छ, घंटीसारखी. ड्रमर आत आला आणि माझे सूर दिसेनासे झाले. मी बटण ४ वर नेलं, मग ५ वर. ५ वर आवाज फाटायला लागला. ७ वर तो पुरता फाटला, आणि गंमत म्हणजे मोठा मात्र जेमतेम झाला. ज्या गाण्यात गिटार काचेसारखी हवी होती तिथे ती खरखरत होती.

हा अनुभव बँडमध्ये शिरलेल्या बहुतेक गिटारवाल्यांना येतो. रॉक वाजवणाऱ्याला त्याचा फारसा त्रास नसतो, कारण त्याला फाटलेलाच आवाज हवा असतो. पण जुनी हिंदी-मराठी गाणी, फंक, जॅझ, गोव्यातल्या लग्नांत बँड वाजवतात तसला नाचाचा ठेका, या सगळ्यात गिटार स्वच्छ लागते आणि ड्रमच्या वर ऐकूही यावी लागते. या दोन गोष्टी एकत्र मागितल्या की ॲम्पची खरी परीक्षा होते. मोठा फाटका आवाज स्वस्तात मिळतो. मोठा स्वच्छ आवाज महाग पडतो, पैशात आणि वजनातही. तो महाग का पडतो आणि कुठे स्वस्तात मिळवता येतो, हे नीट समजून घेतलं तर दुकानात फसायला होत नाही.

आधी आवाज फाटतो म्हणजे काय होतं ते पाहू. जुन्या वाड्यांना दिंडी दरवाजा असायचा. मोठ्या दारातला तो छोटा दरवाजा आठवा. बेताच्या उंचीचा माणूस सरळ आत जातो, उंच माणसाचं डोकं वरच्या चौकटीला लागतं. ॲम्पलाही अशी चौकट असते. आतल्या विजेच्या दाबापेक्षा उंच लाट त्याला बाहेर सोडताच येत नाही. लाट चौकटीपेक्षा उंच झाली की तिचा माथा कापला जातो. माथा कापलेल्या लाटेत मूळ सुरात नसलेले नवे स्वर तयार होतात, आणि तेच आपल्याला खरखर म्हणून ऐकू येतात. नेहमीच्या वाजवण्याच्या वर चौकटीपर्यंत जी मोकळी जागा उरते तिला सगळे हेडरूम म्हणतात. स्वच्छ मोठा आवाज हवा म्हणजे ही मोकळी जागा भरपूर हवी.

आता गिटारची खोड बघा. तार छेडल्यावर पहिल्या क्षणी आवाज एकदम उसळतो आणि लगेच खाली येतो. हा पहिला उसळा पुढच्या सरासरी आवाजापेक्षा १० डेसिबलने (डेसिबल म्हणजे आवाज मोजायचं माप) वर जाणं अगदी सहज घडतं, जोरात वाजवणाऱ्याच्या हातात त्याहून जास्त. १० डेसिबल म्हणजे दहापट पॉवर. त्यामुळे २२ वॅटच्या ॲम्पवर तुम्ही अगदी स्वच्छ वाजवत असाल, तर सरासरी तुम्ही दोन-सव्वादोन वॅटच वापरत असता. बाकीचे वीस वॅट त्या पहिल्या उसळ्यासाठी राखून ठेवलेले असतात. फाटक्या आवाजात वाजवणारा माणूस हे राखीव वॅटही वापरून टाकतो, म्हणून त्याला १५ वॅट पुरतात आणि तुम्हाला पुरत नाहीत.

वॅट या आकड्याबद्दल एक मोठा गैरसमज आहे. १०० वॅटचा ॲम्प ५० वॅटच्या दुप्पट मोठा वाजतो असं वाटतं. तसं होत नाही. वॅट दुप्पट केले की आवाज ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे शेजारी शेजारी ठेवून ऐकलं तर ‘हां, थोडा जास्त आहे’ इतकाच. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. १० वॅटच्या दुप्पट मोठा आवाज १०० वॅटला मिळतो, आणि १०० च्या दुप्पट हवा असेल तर १,००० वॅट लागतील. म्हणून ४० वॅटचा ॲम्प विकून ५० चा घेणारा माणूस पैसे वाया घालवतो. त्याच्या हाती एक डेसिबल येतो, जो बँडमध्ये कुणालाही कळणार नाही.

मग काय बदलायचं? इथे मला सगळ्यात जास्त थांबावंसं वाटतं, कारण याकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही. स्पीकर.

प्रत्येक स्पीकरच्या माहितीपत्रकावर एक आकडा असतो, त्याला संवेदनशीलता किंवा सेन्सिटिव्हिटी म्हणतात. १ वॅट दिला आणि १ मीटर अंतरावर मोजलं तर किती डेसिबल मिळतात, एवढंच तो सांगतो. सेलेस्टियन कंपनीचा प्रसिद्ध ग्रीनबॅक ९८ डेसिबलचा आहे, त्याच कंपनीचा व्हिंटेज ३० हा १०० डेसिबलचा. स्वस्त कॉम्बोंत, म्हणजे ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत असलेल्यांत, ९५-९६ चे स्पीकरही येतात. हे आकडे जवळजवळचे दिसतात आणि म्हणून माणूस दुर्लक्ष करतो. पण वरचा हिशेब आठवा. ९६ च्या जागी १०० चा स्पीकर बसवला तर ४ डेसिबल वाढतात, म्हणजे पॉवर अडीचपट केल्यासारखं. १५ वॅटचा ॲम्प ३७ वॅटच्या ॲम्पसारखा वाजायला लागतो, आणि आत एकाही ट्यूबला हात लावावा लागत नाही. माझ्या त्या ॲम्पमध्ये मी शेवटी हेच केलं. तो जोरदार ड्रमरपुढे तेव्हाही पुरला नाही, पण मऊ हाताच्या ड्रमरबरोबर पुढे बरीच वर्षं चालला.

स्पीकर बदलताना दोन गोष्टी तपासाव्या लागतात. त्याची वॅट झेलण्याची क्षमता ॲम्पच्या वॅटपेक्षा बरीच जास्त हवी. आणि त्याचा ओहमचा आकडा, म्हणजे तो विजेला किती अडवतो ते माप, जुन्या स्पीकरइतकाच हवा. ट्यूब ॲम्प स्पीकर न जोडता कधीही चालू करायचा नाही, त्याचा आऊटपुट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे ट्यूबची ताकद स्पीकरकडे नेणारा भाग, जळू शकतो. ट्यूबऐवजी ट्रान्झिस्टर असलेल्या ॲम्पचं उलट असतं, त्याला मागे छापलेल्यापेक्षा कमी ओहमचा स्पीकर जोडला तर तो जळू शकतो. आणखी एक धोका सांगायलाच हवा. ट्यूब ॲम्पचा प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा दाब साठून राहतो. स्पीकरच्या दोन तारा बदलायच्या तेवढ्या बदला, लोखंडी चासीच्या (सांगाड्याच्या) आत बोट घालू नका. ते काम जाणकाराचं.

स्पीकरबद्दलची दुसरी गोष्ट संख्येची. एकाच्या जागी दोन सारखे स्पीकर शेजारी शेजारी लावले, तर एकूण वॅट तेवढेच ठेवूनही साधारण ३ डेसिबल जास्त मिळतात, विशेषतः खालच्या सुरांत. दोन पडदे मिळून जास्त हवा हलवतात. म्हणून स्वच्छ आवाजासाठी नावाजलेले जुने ॲम्प पाहिले तर त्यांत १२ इंची दोन स्पीकर दिसतात. फेंडर ट्विन रिव्हर्ब, रोलँड जेसी-१२०, व्हॉक्स एसी३०, तिन्हींत दोन दोन.

आता दोन खऱ्या ॲम्पचा हिशेब मांडू. फेंडर डिलक्स रिव्हर्ब २२ वॅटचा, एक १२ इंची स्पीकर. फेंडर ट्विन रिव्हर्ब ८५ वॅटचा, दोन १२ इंची स्पीकर. दोघांचे स्पीकर ९८ डेसिबलचे आहेत असं तुलनेपुरतं धरू. उसळ्यासाठी १० डेसिबल राखून ठेवले, तर डिलक्स एका मीटरवर सरासरी १०१ डेसिबल स्वच्छ देतो. ट्विन ११० च्या आसपास देतो, कारण वॅट जवळजवळ चौपट असल्याने ६ डेसिबल आणि स्पीकर दुप्पट असल्याने ३. जोरात वाजवणारा ड्रमर जवळून सरासरी १०० ते ११० डेसिबलमध्ये कुठेतरी असतो. डिलक्स त्या पट्ट्याच्या तळाशी आहे, ट्विन माथ्यावर. डिलक्सवाल्याचा आवाज बँडमध्ये का फाटतो आणि ट्विनवाला शांतपणे ४ वर का वाजवत बसतो, हे यातून कळतं. डिलक्स वाईट ॲम्प मुळीच नाही. मला स्वतःला त्याचा सूर ट्विनपेक्षा जास्त आवडतो. पण जोरदार ड्रमरबरोबर माईक न लावता स्वच्छ वाजायला तो अपुरा पडतो, आणि हे विकत घेण्याआधी कुणीतरी सांगायला हवं.

‘ट्यूबचा एक वॅट ट्रान्झिस्टरच्या तीन वॅटइतका’ असं एक वाक्य दुकानादुकानात ऐकू येतं. वॅट हा वॅटच असतो, स्पीकरला तो कुठून आला ते कळत नाही. मग लोकांना असं का वाटतं? दिंडी दरवाजाकडे परत जाऊ. ट्यूब ॲम्पची चौकट जणू कापूस लावलेली असते. डोकं लागतं पण टणकन आवाज होत नाही. लाटेचा माथा हळूहळू गोल होत जातो आणि ती किंचित फाटलेली गिटार कानाला गोडही वाटते. म्हणून ट्यूबवाला नकळत आपल्या हद्दीच्या पलीकडे वाजवतो. लाट पार चौकोनी झाली तर तिच्यात तेवढ्याच उंचीच्या गोल लाटेच्या दुप्पट पॉवर असते, म्हणजे ५० वॅटचा ट्यूब ॲम्प पूर्ण फाटल्यावर १०० च्या जवळ जाऊ शकतो. ट्रान्झिस्टरची चौकट दगडी. तिथे डोकं लागलं की लगेच कडकडीत, कर्कश आवाज येतो, म्हणून तो वापरणारा हद्दीच्या बराच अलीकडे थांबतो. तुम्हाला मुळात फाटलेला आवाज नकोच असेल, तर ट्यूबचा हा फायदा तुमच्या फारसा कामाचा नाही. अगदी स्वच्छ वाजवणाऱ्यासाठी १०० वॅटचा चांगला ट्रान्झिस्टर ॲम्प १०० वॅटच्या ट्यूबपुढे कमी पडत नाही, आणि किंमत व वजन दोन्हींत तो बहुधा हलका पडतो. १९७५ साली आलेला रोलँड जेसी-१२० अजूनही जगभरच्या स्टुडिओंत आणि स्टेजवर दिसतो तो या स्वच्छ आवाजामुळेच. ६०-६० वॅटचे दोन वेगळे ॲम्प आणि दोन स्पीकर एका पेटीत, आणि आवाज शेवटपर्यंत स्वच्छ.

ट्रान्झिस्टर ॲम्प घेताना मात्र एक छोटं अक्षर वाचा. ‘१०० वॅट, ४ ओहमवर’ असं लिहिलं असेल आणि तुम्ही ८ ओहमचा स्पीकर लावला तर ६०-६५ वॅटच मिळतील. अनेक ट्यूब ॲम्पमध्ये ४, ८ आणि १६ ओहमसाठी वेगळी जोडणी असते, योग्य ठिकाणी जोडलं तर तिन्हींवर पॉवर जवळजवळ सारखीच मिळते.

हे एवढाले ॲम्प मुळात जन्मले कसे, तेही जाणून घेण्यासारखं आहे, कारण आजचा निर्णय त्यावर अवलंबून आहे. १९६० च्या आसपास कॅलिफोर्नियात डिक डेल नावाचा गिटारवादक बाल्बोआच्या रॉन्देव्हू बॉलरूममध्ये हजारो नाचणाऱ्यांपुढे वाजवायचा. जाड तारा, प्रचंड जोराचा हात. फेंडर कंपनीच्या लिओ फेंडरने दिलेले ॲम्प आणि स्पीकर तो एकामागून एक जाळत गेला. शेवटी फेंडरने मोठा आऊटपुट ट्रान्सफॉर्मर बनवून घेतला, जेबीएलचा १५ इंची दणकट स्पीकर लावला, आणि त्यातून शोमन हा ॲम्प तयार झाला. ट्विन रिव्हर्ब १९६३ मध्ये आला, तो त्याच घराण्यातला. इंग्लंडमध्येही तेच चाललं होतं. व्हॉक्सचा ३० वॅटचा एसी३० बीटल्सना पुरेनासा झाला, म्हणून त्यांच्यासाठी १०० वॅटचे ॲम्प बनले. १५ ऑगस्ट १९६५ ला न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये ५५ हजारांहून जास्त लोकांपुढे बीटल्स वाजले, तेव्हा गिटारचा आवाज लोकांपर्यंत नेण्याची मदार त्या ॲम्पवरच होती. आजच्यासारखी पीए यंत्रणा, म्हणजे सगळा आवाज प्रेक्षकांपर्यंत नेणारे मोठे स्पीकर, तेव्हा नव्हती. असलेले स्पीकर गाणाऱ्यांच्या माईकसाठी होते, आणि किंकाळ्यांपुढे तेही कमी पडले.

आज आपल्याकडे गणपतीच्या मंडपात, कॉलेजच्या गॅदरिंगला, लग्नाच्या हॉलमध्ये साउंडवाला असतो. तो ॲम्पसमोर माईक लावतो, बहुधा शुअर एसएम५७ किंवा तसाच एखादा, आणि प्रेक्षकांपर्यंत गिटार पोहोचवायचं काम मोठे स्पीकर करतात. अशा ठिकाणी तुमच्या ॲम्पने फक्त तुम्हाला आणि शेजारच्या दोघांना ऐकू यावं एवढंच पुरतं. म्हणून ॲम्प निवडण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा. माझा आवाज लोकांपर्यंत कोण नेणार आहे, मी की साउंडवाला? बहुतेक कार्यक्रम माईकवर असतील तर २० ते ४० वॅटचा, चांगल्या स्पीकरचा ॲम्प घ्या आणि मॉनिटरमध्ये (वाजवणाऱ्यांकडे तोंड केलेल्या स्टेजवरच्या स्पीकरमध्ये) थोडी गिटार मागून घ्या. पण प्रॅक्टिस रूममध्ये, छोट्या हॉटेलात, घरगुती समारंभात पीए फक्त गाणाऱ्याचा असतो. तिथे ॲम्प एकटाच लढतो. आणि बँडचा बहुतेक वेळ प्रॅक्टिसमध्येच जातो, हे विसरू नका.

वॅट आणि स्पीकर दोन्ही बरोबर असूनही गिटार ऐकू येत नाही, असंही घडतं. तेव्हा दोष बहुधा टोनच्या बटणांत असतो. एकट्याने वाजवताना बास भरपूर, मधले सूर कमी आणि ट्रेबल चढा असा आवाज फार श्रीमंत वाटतो. बँडमध्ये तोच आवाज विरघळून जातो. खालचा पट्टा बास गिटार आणि ड्रमच्या किकने व्यापलेला असतो. बास गिटारची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झला बोलते, आपल्या गिटारची ८२ ला. त्या भागात भांडून गिटारच्या पदरी काही पडत नाही, आणि ॲम्पची सगळ्यात जास्त पॉवर तिथेच खर्च होते. वरचा पट्टा झांजांचा. गिटारची हक्काची जागा मध्ये आहे. शिवाय माणसाचा कान २,००० ते ५,००० हर्ट्झच्या आसपास सगळ्यात तीक्ष्ण असतो, तिथे कमी पॉवरमध्येही आवाज मोठा वाटतो. म्हणून बँडमध्ये बास उतरवा, मधलं बटण चढवा. एकटं ऐकाल तर आवाज काहीसा नाकातला वाटेल. ड्रम सुरू झाले की तो जागेवर बसतो. बास उतरवल्याने वाचलेली पॉवर मोकळी जागा म्हणून परत मिळते, हा दुहेरी फायदा.

पैसे न खर्चता हेडरूम वाढवण्याचे आणखी काही मार्ग आहेत. ॲम्पला गेन (पहिल्या पायरीचा आवाज) आणि मास्टर (शेवटचा आवाज) अशी दोन बटणं असतील तर गेन खाली ठेवून मास्टर चढवा. अनेकदा आवाज पहिल्याच पायरीला फाटलेला असतो आणि दोष मागच्या पॉवरच्या पायरीवर जातो. तारांचा आवाज पकडणाऱ्या पिकअपपैकी हम्बकर जोरदार असतात, ते तारांपासून थोडे खाली उतरवले तर ॲम्पला जाणारा उसळा कमी होतो. आणि कॉम्प्रेसर पेडल. मी त्याला स्वच्छ वाजवणाऱ्याचा सगळ्यात जवळचा मित्र मानतो. तो पहिल्या उसळ्याचं डोकं हळूच खाली दाबतो, त्यामुळे राखून ठेवायची जागा कमी लागते आणि सरासरी आवाज तेवढाच वर नेता येतो. उसळा ४-५ डेसिबलने दाबला तर ते पॉवर अडीच-तीनपट झाल्यासारखंच. जास्त दाबलात तर हाताचा जिवंतपणा जातो, म्हणून बेतानेच.

ॲम्प ठेवायचा कुठे, हाही हिशेबाचाच भाग आहे. तो जमिनीवर तुमच्या पायाशी असेल तर स्पीकर तुमच्या गुडघ्यांना आवाज ऐकवतो. १२ इंची स्पीकरचे वरचे सूर टॉर्चच्या झोतासारखे सरळ पुढे जातात, बाजूला फारसे पसरत नाहीत. परिणामी वाजवणाऱ्याला स्वतःचा आवाज कमी आणि बोदा वाटतो, तो बटण चढवतो, आणि समोर बसलेल्याचे कान फुटतात. ॲम्प मजबूत खुर्चीवर ठेवा किंवा मागे कलवा, झोत तुमच्या डोक्याकडे यायला हवा. कितीतरी बँडांत नवा ॲम्प घेण्याचं भांडण एका खुर्चीने मिटलेलं मी पाहिलं आहे.

नेमकी निवड करायची तर माझं मत सरळ सांगतो. ड्रमर काड्यांऐवजी ब्रश वापरत असेल, किंवा जॅझ आणि जुनी गाणी मऊ हाताने वाजवणारा बँड असेल, तर २० वॅटचा ट्यूब किंवा ५० वॅटचा ट्रान्झिस्टर ॲम्प, १२ इंची स्पीकरसह, पुरतो. ८ इंचीच्या भानगडीत पडू नका. मध्यम ताकदीचा ड्रमर असेल तर फेंडर हॉट रॉड डिलक्ससारखा ४० वॅटचा ट्यूब, किंवा बॉस कटानासारखा १०० वॅटचा ट्रान्झिस्टर. व्हॉक्स एसी३० याच गटात येतो, पण त्याचा स्वभाव लवकर फाटण्याचा आहे. ती खरखर फार सुंदर असते, मात्र तुम्हाला ती नको असेल तर तो तुमचा ॲम्प नाही. जोरदार ड्रमर, माईक नाही, आणि स्वच्छ आवाज हवाच, अशा तिन्ही अटी असतील तर ट्विन रिव्हर्ब, जेसी-१२० आणि त्यांच्या तोडीचे ॲम्प, बाकी तडजोड. ट्यूबच्या ट्विनचं वजन २९ किलोच्या आसपास आहे आणि जेसी-१२० त्याच्या जवळपास. तिसऱ्या मजल्यावरची प्रॅक्टिस रूम आणि बंद लिफ्ट हे आपल्या शहरांतलं नेहमीचं दृश्य आहे, तेव्हा हा आकडा वॅटइतकाच गंभीरपणे घ्या. २०१९ मध्ये फेंडरने ट्विनचा टोन मास्टर हा डिजिटल अवतार आणला. आत ट्यूब नाहीत, २०० वॅटचा हलका डिजिटल पॉवर ॲम्प आहे, आणि वजन १५ किलो. ट्यूबची पूजा करणाऱ्या मित्रांना हे पटणार नाही, पण पाठ दुखत असलेल्या माणसाला मी डोळे झाकून हाच सुचवेन.

काही जण मॉडेलर, म्हणजे वेगवेगळ्या ॲम्पची डिजिटल नक्कल करणारी पेटी, आणि सोबत सरळ पीएचा पॉवर्ड स्पीकर वापरतात. स्वच्छ आवाजासाठी हा मार्ग फार चांगला आहे. फक्त त्यावर छापलेल्या ‘१,००० वॅट’ किंवा ‘२,००० वॅट’ला भुलू नका, ते क्षणभराचे वॅट असतात. त्याऐवजी कमाल डेसिबलचा आकडा शोधा. दोन स्पीकरची तुलना त्यानेच होते.

परदेशातून कुणी नातेवाईक ॲम्प आणणार असेल तर मागची पट्टी आधी फोटोत मागवून वाचा. अमेरिकेतला ॲम्प १२० व्होल्टचा असतो, आपल्याकडे २३०. तसाच सरळ भिंतीत लावला तर तो जळू शकतो. २३० चे १२० व्होल्ट करणारा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि तो ॲम्पच्या आऊटपुट वॅटवरून घ्यायचा नसतो. ८५ वॅटचा ट्यूब ॲम्प भिंतीतून त्याच्या दुप्पट-तिप्पट वीज ओढतो, म्हणून ट्रान्सफॉर्मर ५०० वॅटचा घेतलेला बरा. १०० ते २४० व्होल्ट असं छापलं असेल तर काळजीच नाही. मंडपात किंवा जनरेटरवर वाजवताना अर्थिंग नीट आहे का ते साउंडवाल्याला आधी विचारा. हात तारांवर आणि ओठ माईकवर असताना बसलेला झटका जीव घेऊ शकतो.

आणि कान. १०० डेसिबलमध्ये दिवसाला १५ मिनिटांपेक्षा जास्त राहू नये, असं अमेरिकेतली निऑश ही कामगार-आरोग्य संस्था सांगते. आपली प्रॅक्टिस दोन-तीन तास चालते. संगीतकारांसाठीचे इअरप्लग ॲम्पच्या किमतीपुढे काहीच नाहीत, ॲम्पबरोबरच घ्या.

दुकानात जाताना स्वतःची गिटार न्या, तिथली नको. सगळे इफेक्ट बंद करा, क्लीन चॅनल लावा, गेन खाली, टोनची बटणं मध्यावर. नेक पिकअपवर (गिटारच्या मानेकडच्या पिकअपवर) या आणि जाड तारांवर जोर देत सहा तारांचा भरगच्च कॉर्ड मारा, बँडमध्ये जेवढ्या जोरात मारता तेवढ्याच जोरात. आवाज सगळ्यात आधी तिथेच फाटतो. दुकानातल्या मुलाला बटण हळूहळू चढवायला सांगा आणि कुठे फाटायला लागतं ते ऐका. बटण किती आकड्यावर आहे याला अर्थ नाही. बहुतेक ॲम्प ४-५ वरच आपली बरीचशी ताकद देऊन बसलेले असतात, पुढचे आकडे फाटण्याचे. फाटण्याच्या किंचित अलीकडे थांबा. ॲम्पपासून एका मीटरवर उभं राहून वाजवत राहा आणि सोबतच्या मित्राशी बोलायचा प्रयत्न करा. हातभर अंतरावरच्या मित्राच्या कानाशी जाऊन ओरडावं लागलं, तर हा ॲम्प तुमच्या ड्रमरबरोबर टिकण्याची चांगली शक्यता आहे. नेहमीच्या आवाजात बोललेलं त्याला कळलं, तर पुढचा ॲम्प लावायला सांगा.